क्षमेचा हिशेब आणि मापाखालचा दिवा



कामगारांच्या गेटसभांत ज्याचा जन्म गेला अशा माणसाने कॅथलिक धर्मातील क्षमायाचनेवर बोलावे, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आम्ही धर्मोपदेशक नाही, कॅथलिकही नाही. परंतु या धर्माने क्षमा मागण्याची जी रीत घालून दिली आहे तिच्याशी आमची गाठ एकदा पडली, आणि ती कारखान्याच्या फाटकापाशी पडली. तेव्हापासून हा विषय आम्ही मिळेल तेथून वाचत व ऐकत आलो. तो आपल्यापुढे मांडताना आम्ही कोणास त्या धर्माकडे ओढू पाहत नाही. ज्याला धर्म मानावयाचा नसेल त्यालाही यातून काही घेता येईल, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

विषय वेळेलाही धरून आहे. आपली ही व्याख्यानमाला वसंतात भरते आणि कॅथलिकांचा सर्वांत मोठा सण ईस्टर तोही वसंतातच येतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरावी, आणि तिच्या पुढचा रविवार हा ईस्टर. म्हणजे कधी होळीच्या पाठोपाठ, तर कधी हनुमान जयंतीच्या मागे तो येतो. त्याच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून तो सुरू होतो. हे चाळीस दिवस स्वतःचा हिशेब तपासावयाचे. शहापूर-मुरबाडात कॅथलिक संख्येने थोडे; पण भिवंडी ओलांडून पश्चिमेला गेले की वसई लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वसई आणि आपण एकाच जिल्ह्याचे रहिवासी होतो. तेथे सोळाव्या शतकापासून मराठी बोलणारा, शेती करणारा कॅथलिक समाज नांदत आहे. तेव्हा ही गोष्ट परक्या मुलखातली नव्हे, शेजारच्या आळीतली आहे.

पापनिवेदन म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. लोक म्हणतात, कॅथलिकांचे बरे आहे. आठवडाभर पाप करावे, शनिवारी फादरच्या कानात सांगावे, आणि रविवारी पाटी कोरी करून पुन्हा सुरुवात करावी. असे वागणारी माणसे नसतील असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक धर्मात देवाशी सौदा करू पाहणारे भक्त असतातच. पण त्या धर्माचे शास्त्र काय सांगते ते पाहिले, तर ही वाट लोक समजतात तितकी सोपी नाही.

या संस्काराच्या पाच पायऱ्या मुलांना लहानपणीच शिकविल्या जातात. पहिली पायरी, आपले वागणे आठवून तपासणे. दुसरी, झालेल्या अपराधाबद्दल मनापासून खेद वाटणे. तिसरी, तो पुन्हा न करण्याचा निश्चय. चौथी, धर्मगुरूपुढे तो अपराध आपल्या तोंडाने, आडवळण न घेता सांगणे. आणि पाचवी, धर्मगुरू सांगतील ते प्रायश्चित्त पुरे करणे. चौथीनंतर धर्मगुरू देवाच्या नावाने पापमुक्ती उच्चारतात. श्रद्धा अशी की क्षमा देवच करतो. धर्मगुरू हा केवळ त्याचा सेवक.

यातील खेदाचेही शास्त्रकारांनी दोन प्रकार केले आहेत. शिक्षेच्या भयाने होणारा खेद हा अपुरा, आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्याला आपण दुखविले या जाणिवेने होणारा खेद हा पुरा. कामगाराला हे लगेच कळते. मुकादम पाहील म्हणून हात जपून चालविणारा एक, आणि आपल्या हातून वाईट माल निघाला याची स्वतःलाच लाज वाटणारा दुसरा. पहिल्याचेही काम चालते, नाही असे नाही. परंतु मुकादम वळला की त्याचे काम सैल होते.

धर्मगुरूने ऐकलेले कोणालाही सांगावयाचे नाही, असा कडक नियम आहे. जो धर्मगुरू तो जाणूनबुजून मोडील तो त्या क्षणीच धर्मबहिष्कृत होतो. ही रीत आज दिसते तशी पहिल्यापासून नव्हती. आरंभीच्या शतकांत खून, व्यभिचार किंवा छळाच्या भयाने धर्म सोडणे अशा मोठ्या अपराधांचे प्रायश्चित्त सर्वांदेखत, पुष्कळ काळपर्यंत करावे लागे. पुढे सहाव्या शतकापासून आयर्लंडच्या संन्याशांनी खाजगीत आणि पुन्हा पुन्हा निवेदन करण्याची चाल पाडली व ती युरोपभर पसरली. १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी निवेदन केलेच पाहिजे असा नियम घातला. मधे जाळी असलेली लाकडी कोठडी, जी आपण सिनेमात पाहतो, ती सोळाव्या शतकात मिलानच्या चार्ल्स बोरोमिओ या आर्चबिशपाने रूढ केली.

येथवर सगळे ठीक. पण आम्हांस खरे महत्त्व वाटते ते पाचव्या पायरीचे. ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई केल्यावाचून प्रायश्चित्त पुरे होत नाही. चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात हे स्पष्ट आहे. चोरलेले परत द्यावे, ज्याची अब्रू घेतली त्याची अब्रू भरून द्यावी, इजा केली असेल तर तिची भरपाई करावी. पापमुक्तीने पाप जाते, पण त्या पापाने जी पडझड झाली ती आपोआप उभी राहत नाही. ती उभी करणे हे ज्याने पाडली त्याचे काम. ज्याच्याजवळ खरोखरच काही उरले नाही त्याच्याकडून अशक्य गोष्ट कोणी मागत नाही. पण हाती असून जो देत नाही, त्याचा खेदच खोटा ठरतो.

ऋण आणि माफी

आता भाषेकडे पाहू. आपण मराठीत कर्जमाफी म्हणतो, सारामाफी म्हणतो, आणि गुन्हा माफ केला असेही म्हणतो. पैशाला आणि पापाला शब्द एकच. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे तिच्यातही असेच होते. ऋण आणि पाप या दोन्हींस एकच शब्द होता. म्हणून त्याने शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, ती मत्तयाच्या शुभवर्तमानात ऋणाच्या भाषेत उतरली आहे आणि लूकच्या शुभवर्तमानात पापाच्या. प्रार्थनेत देवाकडे माफी मागताना माणूस एक अटही स्वतःवर घालून घेतो. आम्ही आमच्या ऋणकोंना सोडले आहे, तसे तू आम्हांस सोड.

याच मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एका चाकराची गोष्ट आहे. त्याच्यावर राजाचे दहा हजार तालांत कर्ज होते. तो पाया पडला आणि राजाने सारे कर्ज सोडले. बाहेर पडताच त्याला एक सोबतीचा चाकर भेटला. तो याचे शंभर दीनार लागत होता. याने त्याचा गळा धरला आणि त्याला तुरुंगात टाकविले. ही गोष्ट आम्ही प्रथम वाचली तेव्हा सवयीप्रमाणे हिशेब मांडला. दीनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. एका तालांताचे सहा हजार दीनार. म्हणजे राजाने सोडले ते सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे कर्ज. वर्षाला तीनशे दिवस भरले तर दोन लाख वर्षांची मजुरी! आणि हा मागत होता ती शंभर दिवसांची. ऐकणारे मजूर, कोळी आणि कुळे होती. त्यांना आकडे समजावून सांगण्याची गरज पडली नसेल. सावकाराच्या वहीत फिटणार नाही असे कर्ज कसे दिसते ते त्यांना ठाऊक होते.

आपल्याही तालुक्याला ते ठाऊक आहे. १९३९ साली सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यातील ज्या आदिवासी प्रदेशांची ती पाहणी होती, त्यांत आपला शहापूर तालुका होता. वेठ, सावकारी आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी राबणारी माणसे यांचे वर्णन त्या काळच्या सरकारी कागदातही लपून राहिले नाही. लग्नगडी हा शब्द आज तरुणांना सांगावा लागतो. लग्नासाठी थोडे पैसे घ्यावयाचे आणि त्यापायी नवरा-बायकोने वर्षानुवर्षे सावकाराच्या घरी राबावयाचे. पावसाळ्यात खावटी घ्यावयाची आणि पीक आले की दिढीने फेडावयाची. फेडून फेडून कर्ज तसेच.

वेठबिगारी बंद करणारा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. त्या कायद्यात दोन गोष्टी एकत्र आहेत, हे आपण ध्यानात घ्यावे. वेठीपोटीचे कर्ज संपले, ही एक. त्या कर्जापोटी घेतलेली मालमत्ता परत करावी, ही दुसरी. तसाच राज्याचा आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ मालकाला मिळाव्यात असे त्यात ठरले, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. कायदा लिहिणाऱ्यांनी धर्मशास्त्र वाचले होते असे आम्ही म्हणत नाही. पण न्यायाचा विचार करणारी माणसे वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी येतात. नुसते झाले गेले विसरा म्हणून भागत नाही. घेतलेले परत द्यावे लागते.

घेतलेले परत

बायबलात जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आहे. जकातीचा मक्ता घेऊन तो श्रीमंत झाला होता. येशू त्याच्या घरी जेवावयास गेला तेव्हा लोकांनी नाके मुरडली. जक्कयाने उभे राहून सांगितले की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्यांना फसविले त्यांना चौपट परत करतो. येशूने त्याला आधी भरपाई कर, मग तुझ्या घरी येतो, असे म्हटले नव्हते. तो आधीच घरी आला होता. क्षमा फुकट मिळाली. पण ती मिळाल्यावर जक्कयाचा हात आपोआप तिजोरीकडे गेला. क्षमा आणि भरपाई यांचे नाते असे आहे. भरपाई ही क्षमेची किंमत नव्हे. ती क्षमा खरोखर पोचल्याची पावती आहे.

हे तत्त्व सत्ताधाऱ्यांना किती जड जाते याचे एक उदाहरण इतिहासात आहे. कोलंबसानंतर स्पेनच्या लोकांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांना वाटून घेतले आणि खाणींत व शेतांत मरेपर्यंत राबविले. बार्तोलोमे दे लास कासास हा धर्मगुरू स्वतः असाच एक वाटा बाळगून होता. १५१४ साली त्याला आपल्या वागण्याची लाज वाटली आणि त्याने तो वाटा सोडून दिला. पुढे तो मेक्सिकोतील चियापासचा बिशप झाला. त्याने आपल्या धर्मगुरूंना सांगितले की गुलाम बाळगणाऱ्याने पापनिवेदन केले तरी त्याला पापमुक्ती देऊ नका. आधी गुलाम सोडावे, लुबाडलेले परत करावे, मग यावे. गोरे वसाहतवाले खवळले. त्यांनी त्याला तेथे टिकू दिले नाही. पण १५५२ मध्ये त्याचे हे नियम स्पेनमध्ये छापले गेले. म्हणजे ज्या कोठडीला आपण पाप धुण्याची सोय समजतो, तीच कोठडी या माणसाने लुटारूंच्या वाटेत अडसरासारखी घातली.

मजुरीविषयीही हा धर्म स्पष्ट बोलतो. मजुराची मजुरी बुडविणे हे ज्या थोड्या पापांचा आकांत थेट स्वर्गापर्यंत जातो त्यांपैकी एक मानले आहे; खुनाच्या पंक्तीला ते बसविले आहे. १८९१ साली तेराव्या लिओ या पोपने कामगारांच्या स्थितीवर जे पत्रक काढले, त्यात योग्य मजुरीचा आणि संघटनेचा हक्क मान्य केला. मालकाने कामगाराला दिवाळीला मिठाईचा पुडा दिला आणि भविष्यनिर्वाह निधीचे पैसे भरलेच नाहीत, तर या हिशेबाने मिठाई जमेस धरली जात नाही.

फाटकावरची गोष्ट

हे सारे आम्ही पुस्तकातून शिकलो असतो तर आज येथे बोललो नसतो. १९९० नंतरच्या दशकातली गोष्ट. एका कारखान्यात आमचा संप चालू होता. आमच्या गुप्त बैठकीतले बेत व्यवस्थापनाला आधीच कळू लागले. संशय एका कामगारावर गेला. तो वसईकडचा कॅथलिक, अबोल, संपातही रविवारी चर्चला जाणारा. त्याला व्यवस्थापकाच्या केबिनमधून बाहेर पडताना कोणी तरी पाहिले होते. आमचे वय तिशीच्या आत, रक्त गरम. चौकशी न करता आम्ही फाटकासमोर स्टुलावर उभे राहून त्याचे नाव घेतले आणि त्याला फितूर म्हटले. संप संपला, पण त्याच्या डब्याशेजारी कोणी डबा उघडीना. वर्षभराने तो नोकरी सोडून गेला.

पुढे तीन वर्षांनी खरा फितूर कोण ते उघड झाले. हा बिचारा आईच्या आजारपणासाठी आगाऊ रक्कम मागावयास केबिनमध्ये गेला होता. आम्ही दोघे-तिघे त्याच्या घरी गेलो. उपवासकाळाचे दिवस होते. त्याने ओटीवर बसविले, पाणी दिले. आम्ही चुकलो म्हणालो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाऊ, माफ मी तुम्हांला केव्हाच केलंय. तसं केलं नसतं तर मला प्रार्थनाच म्हणता आली नसती. पण तुम्ही मला फितूर म्हणालात ते गेटवर, सहाशे माणसांत. आणि माफी मागताय ती माझ्या ओटीवर. गेटवर बोललात ते गेटवरच परत घ्या."

आम्ही म्हणालो, आता तीन वर्षांनी ते उकरून काढावे काय? युनियनची शोभा होईल. तो हसला. "लहानपणी शेजाऱ्याच्या वाडीतली केळी चोरली होती. फादरना सांगितलं. फादरनी विचारलं, परत दिलीस? मी म्हटलं, खाल्ली. तर म्हणाले, मग त्याच्या वाडीत आठवडाभर पाणी शिंप. शेजाऱ्यानं विचारलं कशाला शिंपतोस, तेव्हा सांगावंच लागलं. शोभा माझीही झाली, भाऊ."

पुढच्या गेटसभेत आम्ही त्याच फाटकासमोर उभे राहून त्याचे नाव घेतले आणि झालेला अन्याय जसाच्या तसा सांगितला. तो आला नव्हता; त्याचा धाकटा भाऊ मागे उभा होता. टाळी पडली नाही. काही जणांनी आमचे पुढारीपण संपले असेही म्हटले. परंतु त्यानंतर कोणावर आरोप ठेवावयाचा तर आधी चौकशी समिती बसली पाहिजे, असा नियम आमच्या युनियनने करून घेतला आणि तो आम्ही अद्याप मोडलेला नाही. त्या माणसाची गेलेली तीन वर्षे मात्र आम्ही परत देऊ शकलो नाही. ते आमच्याकडे येणे राहिलेच आहे, आणि ते आम्ही विसरत नाही.

क्षमा करणाऱ्याची बाजू

आतापर्यंत आम्ही क्षमा मागणाऱ्याकडून पाहिले. क्षमा करणाऱ्याचे काय? ती दुबळ्याची शरणागती नव्हे काय, असा प्रश्न कामगार चळवळीतला माणूस विचारणारच. याचे उत्तर शोधताना आम्हांस इंदूरकडे जावे लागते. होळकरांच्या त्या नगरीत मराठी माणसाला परके वाटत नाही. त्या भागात, देवास जिल्ह्यातील उदयनगरला, केरळातून आलेली राणी मारिया नावाची कॅथलिक भगिनी भूमिहीन मजुरांत काम करीत होती. तिने त्यांचे बचतगट बांधले, सरकारी योजना आणि बँकेची कर्जे त्यांच्यापर्यंत पोचविली आणि सावकारांचा धंदा बसू लागला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी ती बसने इंदूरला निघाली असता समंदर सिंग या तरुणाने तिला भोसकून ठार मारले. त्याच्या मागे गावच्या धनिकांची चिथावणी होती. त्याला जन्मठेप झाली.

राणी मारियाची धाकटी बहीण सेल्मी पॉल हीही त्याच संघातली भगिनी. ती २००२ साली तुरुंगात गेली आणि तिने समंदर सिंगच्या हाताला राखी बांधली. मागून त्यांची आईही त्याला भेटली. मग घरच्यांनी आणि चर्चने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केले आणि २००६ मध्ये तो सुटला. केरळात जाऊन तो त्या घरच्या माणसांना भेटून आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियाला धन्य म्हणून घोषित करण्यात आले, तेव्हा त्या गर्दीत तोही होता.

यात शरणागती कोठे आहे? सावकार म्हणतात म्हणून भगिनींनी मजुरांची साथ सोडली नाही, खुनाला खून म्हणावयाचे टाळले नाही. त्यांनी सोडला तो सूड. ज्ञानेश्वरांनीही पसायदानात खळांचा नाश मागितला नाही. त्यांच्या मनाचा वाकडेपणा जावा एवढेच मागितले. वाकडेपणाशी झगडावयाचे आणि माणसाला परत यावयास वाट ठेवावयाची, या दोन्ही गोष्टी एका वेळी करता येतात. कठीण आहे, पण अशक्य नाही, हे त्या राखीने दाखविले. येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. क्षमा ही ज्याला लागले त्यानेच करावयाची. मालकाने किंवा पुढाऱ्याने कामगाराला "आता क्षमा कर आणि गप्प बैस" म्हणणे ही क्षमा नव्हे, तो दुसरा जुलूम होय.

मापाखालचा दिवा

आता प्रकाशाकडे वळू. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवतात. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवितात. त्यावरून एक मोठी मेणबत्ती लावतात आणि ती घेऊन धर्मगुरू अंधाऱ्या देवळात शिरतात. तिच्यावरून जवळचे लोक आपली मेणबत्ती लावतात, ते शेजाऱ्याला ज्योत देतात, आणि पाहता पाहता सारे देऊळ उजळते. दिल्याने पहिल्याची ज्योत कमी होत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी प्रत्येक मुलासाठी याच मोठ्या मेणबत्तीवरून एक दिवा लावून घरच्यांच्या हाती देतात. प्रकाश आपला स्वतःचा नाही, घेतलेला आहे, आणि तो पुढे द्यावयाचा आहे, असा त्याचा अर्थ.

तुम्ही जगाचा प्रकाश आहात असे येशू म्हणाला, ते विद्वानांना किंवा राजांना नव्हे, डोंगरावर जमलेल्या सामान्य माणसांना. दिवा लावून कोणी मापाखाली ठेवीत नाही, असा दाखला त्याने दिला. हे माप म्हणजे धान्य मोजावयाचे माप, आपल्याकडची पायली किंवा अधोली म्हणा ना. या दाखल्याचा सर्वमान्य अर्थ, आपला चांगुलपणा झाकून ठेवू नये असा. पण खेड्यातल्या माणसाला पायली म्हटले की आणखी काही आठवते. लहान मापाने द्यावयाचे आणि मोठ्या मापाने घ्यावयाचे, ही सावकाराविरुद्धची तक्रार आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी होती. ज्या घरात माप खोटे, त्या घरात दिवा मापाखालीच राहणार. म्हणून आमच्यापुरता आम्ही असा अर्थ लावतो, की दिवा वर ठेवावयाचा असेल तर आधी माप सरळ केले पाहिजे. आणि गंमत अशी की मत्तयाच्या ज्या पाचव्या अध्यायात हा दिवा आहे, त्यातच थोडे पुढे सांगितले आहे की वेदीपुढे अर्पण ठेवताना आपल्या भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जाऊन समेट करावा. दिवा आणि समेट एकाच शिकवणुकीतले आहेत.

असा दिवा वर ठेवून जगलेला माणूस आपल्या शेजारीच होऊन गेला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे धर्मगुरू. 'सुवार्ता' मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते, आणि संपूर्ण बायबल त्यांनी 'सुबोध बायबल' म्हणून सोप्या मराठीत आणले. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पण वसईच्या शेतकऱ्याला ते ठाऊक होते ते हरित वसईच्या लढ्यामुळे. बिल्डर आणि गुंड यांच्या भीतीने माणसे बोलेनाशी झाली होती, तेव्हा हा धर्मगुरू जमीन, पाणी आणि झाडे यांच्यासाठी रस्त्यावर आला. त्या लढ्यात सर्व धर्मांची माणसे होती. २५ जुलै २०२४ रोजी ते वारले. प्रकाश होणे म्हणजे डोक्यामागे तेजोवलय घेऊन बसणे नव्हे. अंधारात चालणाऱ्याला पुढचा खड्डा दिसावा म्हणून उभे राहणे.

तथापि, दिव्याखाली अंधार असतो हे आपली भाषा सांगते, आणि कॅथलिक चर्चच्या दिव्याखालीही तो होता. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षे सोडता, धर्मन्यायालयाने माणसांचा छळ केला. वसईही त्याच्या कक्षेत होती. आपल्या काळात अनेक देशांत धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार वरिष्ठांनी झाकून ठेवले. आपल्या देशात चर्चमध्येही जातीची उतरंड टिकली. दलित ख्रिस्ती बांधवांना वेगळे बसविले गेले, मेल्यावर वेगळे पुरले गेले. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांच्या ऐतिहासिक पापांबद्दल सर्वांदेखत देवाची क्षमा मागितली. २०१६ च्या डिसेंबरात भारतातील बिशपांच्या परिषदेने चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे आपल्या धोरणपत्रात कबूल केले. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन तेथील मूळ रहिवाशांची, त्यांच्या मुलांवर निवासी शाळांत झालेल्या अत्याचारांबद्दल माफी मागितली. ऐकणाऱ्यांतील काहींनी अश्रू ढाळले. काहींनी मात्र विचारले, पुढे काय? आम्हांस हा प्रश्न योग्यच वाटतो. तो चर्चच्याच पाचव्या पायरीचा प्रश्न आहे. आमच्या त्या कामगाराने ओटीवर तोच विचारला होता.

श्रोतेहो, आम्ही सांगितले ते एवढेच. क्षमा मागणे ही मनाची हळहळ नव्हे, ते काम आहे, आणि त्या कामाला हिशेब आहे. आपल्या या दोन तालुक्यांत भाताच्या खाचरांचे बांध सरकले आहेत, सातबाऱ्यावरून नावे पुसली गेली आहेत, ठेकेदारांनी मजुरी थकविली आहे, आणि आमच्यासारख्या पुढाऱ्यांनी माणसांची नावे फाटकावर खराब केली आहेत. यातले काही आपल्या हातून झाले असेल, तर देवळात, मशिदीत, विहारात किंवा चर्चमध्ये जाण्यास कोणाची हरकत नाही. पण जाताना वाटेत त्या माणसाच्या घराशी थांबावे, बांध मागे घ्यावा, थकलेले पैसे मोजून द्यावेत. रात्री घरात दिवा लावाल तेव्हा तो मग मापाखाली ठेवावा लागणार नाही.